नेट गेलं नव्हतं

धुळ्यात मी जपानी शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, “कोणाला?” हा प्रश्न मला रिक्षावाल्याने विचारला आहे, बँकेतल्या बाईंनी विचारला आहे, आणि माझी सख्खी नणंद तर तो दर राखीला न चुकता विचारते. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच विचारलं. मी जरा फणकाऱ्यानेच बोलले असेन, कारण ते घाईघाईने म्हणाले, मग त्याचंच उत्तर लिहून द्या. म्हणून बसले आहे लिहायला.

मी मूळची अमळनेरची. जपानी शिकले पुण्यात, आणि पुढे कितीतरी वर्षं यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून नोकरी केली. दुभाष्याचं काम म्हणजे दोन साहेबांच्या मध्ये उभं राहून दोघांचा राग गाळून घेणं. इकडचा ओरडायचा, हे काय भंगार पाठवलंय. मी तिकडच्याला सांगायची, मालाविषयी यांना थोडी काळजी वाटते. कारखाना अजून चालू आहे, त्यात माझाही थोडा वाटा आहे असं मी मानते. निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको धुळ्याला देवपुरात राहायला आलो आणि घराच्या पुढच्या खोलीत मी जपानीचा क्लास काढला. नवरा म्हणाला, महिन्याभरात गुंडाळशील. मी हट्टी आहे, हे त्याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

सुरुवातीला विद्यार्थी यायचा तो कोरा यायचा. पाटी कोरी असली की मास्तरणीला बरं असतं. मग फोन आले, फोनवर रिल्स आली, आणि विद्यार्थी भरून यायला लागले. मिनिटभराचा व्हिडिओ, त्यात एक गोरीपान जपानी मुलगी गोड हसून तीन वाक्यं शिकवते, की पुढचा व्हिडिओ. पी हळद नि हो गोरी. पोरं अशी शेकडो रिल्स सेव्ह करून ठेवतात आणि सेव्ह केलं म्हणजे शिकलो असं समजतात. लोणच्याची बरणी भरली म्हणजे जेवण झालं, असं कधी होतं का? पण खोटं कशाला बोलू, याच रिल्सनी माझा क्लास भरवला. साक्री, शिरपूर, पारोळा, कुठून कुठून पोरं यायला लागली. आधी त्यांनी काय काय गिळलंय ते ओळखायचं आणि मग शिकवायचं, असं माझं काम दुप्पट झालं.

इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला होता. तो जपानी शिकला होता मारामारीच्या कार्टूनच्या तुकड्यांवरून. उच्चार इतके स्वच्छ की मी खूश झाले. मग तो माझ्याशी बोलायला लागला. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे ना, तशा पायऱ्या जपानीत फार जास्त आहेत. कोणाशी कोणत्या पायरीवर उभं राहून बोलायचं हे कळलं की अर्धी जपानी आली. हा बिचारा सगळ्यात खालच्या पायरीवर, हातात तलवार घेऊन उभा होता. मला नमस्कार करून त्याने ज्या शब्दांत नाव विचारलं, त्यांचं मराठी केलं तर “ए हरामखोरा, मरण्यापूर्वी नाव सांग” इतपत होईल. ती तलवार त्याला खाली ठेवायला लावण्यात माझा पूर्ण पावसाळा गेला.

दुसरे आमच्या अमळनेरचेच एक शेठ, सरकीचे व्यापारी. वय सत्तरीकडे, बोटात अंगठ्या. त्यांना जपानी यायला नको होती, जपानी माणूस नाही कधी म्हणतो तेवढंच कळायला हवं होतं, कारण कुठल्याशा यंत्राच्या सौद्यात ते वर्षभर लटकले होते. मी सांगितलं की जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो दातांतून हवा आत ओढतो, “जरा…” म्हणतो आणि वाक्य तिथेच सोडून देतो. ते सुटलेलं वाक्य म्हणजे नाही. शेठ मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, “म्हंजे आमनंच शे. आम्ही म्हणतस, पाहू.” एका तासात त्यांचं शिक्षण संपलं. इतका हुशार विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

एक दिवस मला वाटलं, ती गोरीपान मुलगी शिकवते तर मी का नको. नाव ठेवलं ‘अक्कानी जपानी’, कारण क्लासची पोरं मला अक्काच म्हणतात. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवायचा, मागे बेडशीट, आणि अहिराणीतून जपानी शिकवायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे, बोलायचं नि टाकायचं. तसं नसतं. बघणाऱ्याचा अंगठा सतत वळवळत असतो. पहिल्या दोन वाक्यांत तो थांबला तर थांबला. म्हणून व्हिडिओ झाला की तो कापायला बसायचं. दोन वाक्यांच्या मधली जागा कापायची, आवंढा कापायचा, “अं” कापायचं, श्वासही कापायचा. मग उरते ती एक अक्का, जी श्वास न घेता बोलते. मला सुरुवातीला स्वतःलाच बघून धाप लागायची. पण लोकांना आवडलं. बाजारात भाजीवाली ओळखायला लागली, आणि नणंदेच्या सुनेनेही फॉलो केलं, नणंदेला न सांगता.

भूषण माझ्याकडे आला तो हेच व्हिडिओ बघून. भडगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं गाव, वय तिशीचं, धुळ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डबॉय. दवाखान्याच्या जिन्यात बसून, कानात वायर घालून तो दोन वर्षं रिल्सवरून जपानी शिकला होता. तोंड उघडलं आणि मला हसू आवरेना, कारण हा दाढीवाला, रुंद खांद्यांचा गडी अगदी वीस वर्षांच्या लाडिक मुलीसारखं जपानी बोलत होता. शिकवणारी जशी, तसा शिकणारा. तो मात्र हसला नाही. म्हणाला, ते काढा, काय काढायचं ते. मला जायचंय.

त्याला जपानात कायगोच्या कामाला जायचं होतं. कायगो म्हणजे म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल: उठवणं, बसवणं, आंघोळ, जेवण, कपडे, आणि बाकीचंही सगळं. तिकडे म्हातारी माणसं फार आणि करणारे हात कमी, म्हणून इकडून नेतात. आमच्याकडून जातात त्या बहुतेक मुली, नर्सिंग केलेल्या. पुरुष विरळा. मी त्याला विचारलं, कंपनीतलं काम का बघत नाहीस, पगार तेवढाच मिळेल. तो म्हणाला,

“अक्का, हाई काम मी आठेबी करसच. पण आठे याले नाव नही. तठे याले परीक्षा शे.”

इथे या कामाला नाव नाही, तिथे परीक्षा आहे; त्यातलं मला लगेच सगळं कळलं नाही. कळलं ते त्याचे वडील येऊन गेल्यावर. नाना म्हणतात त्यांना सगळे. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, गावात भांडण मिटवायला ज्यांना बोलावतात त्यातले. चहा घेतला, खोलीभर नजर फिरवली, भिंतीवरची जपानी अक्षरं वाचता येत असल्यासारखी बघितली आणि मग हळूच विचारलं, “मॅडम, तठेबी हाईच काम शे का?”

मी म्हटलं, होय, हेच काम आहे. तिथे त्याला मान आहे.

नानांनी कपबशी खाली ठेवली. म्हणाले, गावात पोरगा कंपाउंडर आहे असं सांगितलंय. तेवढं सांभाळा. पुरुषमाणसाने लोकांचं गू-मूत काढायचं, हे त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. पोराशीही ते या विषयावर बोलत नसत. भूषण सुट्टीला गावी गेला की पीकपाणी, पाहुणे, गिरणेच्या पाण्याचं आवर्तन, सगळं बोलायचे, आणि कामाचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायचे. हा मुलगा जपानला कशासाठी निघालाय, हे मला त्या दिवशी समजलं. त्याला ज्या कामात हात घालायची लाज वाटत नाही, त्या कामाची बापाला वाटणारी लाज पुसायची होती. मी मनाशी ठरवलं, याला पाठवायचाच.

लेखी परीक्षा तो एका दमात पास झाला. बायकी वळण मी रट्टे मारून काढलं. आणखी एक खोड होती, आमच्या सगळ्याच पोरांना असते: समोर म्हातारा माणूस दिसला की आबा म्हणायचं. जपानातल्या वृद्धाश्रमात ते चालत नाही, कुणाचेही आजोबा असले तरी तिथे आडनाव घेऊन मानाने हाक मारतात. भूषणला ते पटायला जड गेलं. म्हणायचा, आडनावाने तर बिल भरायला हाक मारतात. पण तेही शिकला. मग पुण्याच्या एजन्सीने मुलाखत ठरवली. फोनवर, व्हिडिओवर, तो देवपुरातल्या त्याच्या खोलीतून देणार होता. मी निर्धास्त होते.

दुपारी एजन्सीवाल्याचा फोन आला. म्हणाला, मॅडम, तुमचा माणूस मुलाखत सोडून पळाला.

झालं होतं ते असं. पलीकडे तिघं होते, मधोमध आश्रमाच्या प्रमुख बाई. त्यांनी विचारलं, एखादे आजोबा जेवायलाच नाही म्हणाले तर तुम्ही काय कराल? भूषणने छान उत्तर दिलं. ते ऐकून बाईंनी नजर खाली केली आणि त्या गप्प बसल्या. जपानी माणूस चांगलं उत्तर ऐकलं की लगेच बोलत नाही. जरा थांबतो. थांबणं हाच तिथे मान असतो. पण खानदेशात फोनवर समोरचा गप्प झाला म्हणजे एकच अर्थ: नेट गेलं. भूषणने मराठीत “हॅलो, हॅलो, आवाज येतोय का” सुरू केलं. फोन हलवला. खिडकीपाशी नेला. मग जिन्यावरून धावत गच्चीवर गेला. पलीकडच्या तिघांनी पंखा बघितला, जिना बघितला, दोरीवर वाळत घातलेले शर्ट बघितले, आणि हे सगळं काय आहे ते न कळल्याने ते आणखी गप्प बसले. शेवटी भूषणने स्वतःच कॉल कापला आणि पुन्हा लावला. तोवर तिकडे निर्णय झाला होता. उतावळा माणूस आहे, म्हाताऱ्यांपाशी नको.

संध्याकाळी तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. “अक्का, ती बाई बोलेच ना. मी समजनू, नेट चालनं गयं.”

मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग विचार करायला लागले. हा दोन वर्षं रिल्सवरून जपानी शिकला, आणि रीलमध्ये कधी कोणी थांबत नाही. सगळ्या थांबण्याच्या जागा आम्ही शिकवणारेच कापून फेकतो. इतकी जपानी ऐकूनही याने जपानी शांतता एकदाही ऐकली नव्हती. उतावळा वगैरे काही नाही तो. मी एजन्सीवाल्याशी भांडले. तो म्हणाला, मॅडम, एकदा नाही झालं की त्या आश्रमात पुन्हा होत नाही. मी म्हटलं, मग दुसरा शोध, जपान काय एका आश्रमावर चाललंय का. तो “बघतो” म्हणाला, आणि अमळनेरच्या शेठनी शिकवल्यामुळे मला त्याचा अर्थ कळला. मग मी त्याला दर सोमवारी फोन करायला लागले. तो वैतागला, पण नंबर ब्लॉक करायची त्याची हिंमत झाली नाही.

इकडे शिकवणी सुरू झाली गप्प बसण्याची. जगातली कुठलीही गोष्ट शिकवता येते असा माझा दावा होता, तो इथे आपटला. मी प्रश्न विचारायचा, त्याने उत्तर द्यायचं, मग मी गप्प बसायचं आणि त्यानेही बसायचं. जरा वेळ गेला की त्याचा पाय हलायचा, मग हात फोनकडे जायचा, मग तो तेच उत्तर पुन्हा, जास्त मोठ्याने द्यायचा. एकदा आम्ही दोघं असे समोरासमोर मुक्याने बसलेलो असताना शेजारच्या सुमनताई दार ढकलून आत आल्या. आमचे चेहरे बघून हळूच मागे फिरल्या आणि थोड्या वेळाने माझ्या नवऱ्याला बाहेर गाठून विचारलं, कोण गेलं.

मी व्हिडिओतही शांतता ठेवून बघितली. दोन वाक्यांत खऱ्या माणसासारखं थांबायचं, श्वास राहू द्यायचा. लगेच खाली लोकांचं सुरू झालं, अक्का, व्हिडिओ अटकस. बघणारे निम्म्याने उतरले. नणंदेच्या सुनेने कळकळीने सांगितलं, मामी, पहिल्यासारखं करा. मी केलं नाही. ज्याला अंगठा हलवायचा त्याने हलवावा. अजूनही माझे व्हिडिओ तसेच असतात आणि बघणारे तेवढेच आहेत. त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही, भाजीवाली आता ओळखत नाही.

पण भूषण सुधारेना. मी तर हात टेकायच्या बेतात होते. अशातच शेजारच्या सुमनताईंच्या दिरांना भूषणच्याच दवाखान्यात ठेवलं, म्हणून मी भेटायला गेले. जाताना एका वॉर्डचं दार उघडं होतं. आत भूषण एका म्हाताऱ्याला भरवत होता. अर्धांगाचा पेशंट, तोंड एका बाजूला गेलेलं. वाटीत मऊ खिचडी. भूषणने चमचा दिला आणि थांबला. हात तसाच हवेत, डोळे म्हाताऱ्याच्या गळ्यावर. म्हातारा घास तोंडात घोळवत होता, किती वेळ घोळवत होता देव जाणे. शेजारी बसलेला पेशंटचा मुलगा कंटाळून बाहेर आला. भूषणचा पाय हलला नाही. फोन खिशातून निघाला नाही. गळ्यातून घास खाली उतरलेला दिसला, तेव्हा त्याने पुढचा चमचा भरला. मी दारात उभी राहिले आणि मला माझाच राग आला. इतके दिवस याला मी थांबायला शिकवत होते.

तो बाहेर आला तसं मी त्याला व्हरांड्यातच गाठलं. म्हटलं, “ती बाई गप्प नव्हती रे. तू दिलेला घास ती गिळत होती.”

भूषण बघत राहिला. मग म्हणाला, “अक्का, हाई पहिलेच काबरं नही सांगं?”

त्यानंतर मला फार काही शिकवावं लागलं नाही. एजन्सीवाल्याने सोमवारच्या फोनला कंटाळून असेल, दुसरा आश्रम मिळवला. उत्तरेकडचा, बर्फाच्या मुलखातला, लहानसा. प्रमुख स्वतःच सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. या वेळी मुलाखत माझ्या घरी ठेवली. भूषण टेबलाशी, मी कॅमेऱ्याबाहेर खुर्चीत, नवऱ्याला देवळात पाठवलेलं. सगळं चांगलं चाललं होतं. मग त्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही कामावर असताना तुमच्या हातात कोणी गेलं, तर?

भूषणने सांगितलं की तसं दोनदा झालं आहे. आधी डॉक्टरांना बोलावलं. सगळं संपल्यावर माणसाचं तोंड धुतलं आणि घरचे येईपर्यंत शेजारी बसून राहिलो. इतकंच बोलला. पलीकडे शांतता पसरली. भूषण हात गुडघ्यांवर ठेवून, मान किंचित खाली घालून बसला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. शांतता चालूच राहिली. मी जरा वाकून पडद्याकडे बघितलं, तर त्या गृहस्थांचा एक डोळा अर्धवट मिटलेला आणि हात हवेत होता, आणि तो हात कधीचा हवेतच होता.

या वेळी नेट खरोखर गेलं होतं.

भूषण मात्र अढळ. गोठलेल्या चित्रापुढे तो ऋषीसारखा बसून होता. बोलावं तर माझा आवाज जाईल, न बोलावं तर हा दिवसभर बसेल. मी खुर्चीवरून उतरले आणि या वयात, या गुडघ्यांनिशी, टेबलाखालून रांगत नेटची वायर बघायला निघाले. निम्म्यात पोचले तोच पडद्यातून आवाज आला, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का? बिघाड त्यांच्याकडचा होता. त्यांचं काही आमच्यापर्यंत येत नव्हतं, आम्ही मात्र त्यांना सगळा वेळ दिसत होतो. ते म्हणाले, आम्ही केव्हापासून हाका मारतोय, तुम्ही नुसते बसून होतात. का?

भूषण म्हणाला, “आपण विचार करत आहात असं मला वाटलं. म्हणून थांबलो.”

तिकडे सगळे हसले. हसू ओसरल्यावर ते गृहस्थ म्हणाले, आणखी एक प्रश्न, टेबलाखाली कोण आहे? भूषणने अत्यंत गंभीरपणे उत्तर दिलं, माझ्या शिक्षिका. मी तिथूनच वाकून नमस्कार केला. आधीच वाकलेली होते, सोपं गेलं. पुढच्या आठवड्यात होकार आला.

गावाने सत्कार ठेवला. आमच्याकडे पोरगं परदेशी निघालं की शाल-नारळ ठरलेला. मारुतीच्या पारापुढे मांडव, माईक, खुर्च्या, आणि मलाही मानाची खुर्ची. नाना टोपी सारखी करत पाहुण्यांना पाणी देत होते. सरपंच बोलायला उभे राहिले. म्हणाले, आपल्या गावचा कंपाउंडर आता जपानच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरच्या हाताखाली काम करणार. टाळ्या पडल्या. नाना मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, आणि त्यांची नजर भूषणवर होती. ती विनवणी होती, मला बसल्या जागेवरून दिसत होती. भूषणलाही दिसली असणार.

त्याने माईक घेतला. मग नानांकडे न बघता म्हणाला,

“सरपंच बोलनात ते बरोबर नही. मी कंपाउंडर नही. मी म्हातारा माणसेस्ले खावाडस, धोस, त्यास्नं गू-मूत काढस. तठेबी तेच करसू.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. सरपंच नारळाकडे बघत होते. नाना खांबामागे गेले. मला भीती वाटली की आता ते निघून जातील, आणि गेले तर हा मुलगा जपानात जन्मभर मान मिळवूनही रिकाम्या हाताने परत येईल.

पुढच्या रांगेतून एक म्हातारी उठली. भूषणच्या घराशेजारची, भिकूबाई. माईकची वगैरे तिला पर्वा नव्हती. म्हणाली, “भूषण, आमना बुढा एकच कुशीवर पडेल शे. त्याच कुशीले जखम झायी. माले त्याले फिरावता येत नही. जावाना पहिले दाखाडी देशी का?”

भूषणने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि तो निघाला. त्याच्यामागे भिकूबाई, तिच्यामागे मी, आणि मग सत्कार सोडून अर्धा मांडव. घर दोन खणांचं, लोक दारात आणि खिडकीत दाटले. म्हातारा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. भूषण त्याच्या डोळ्यांसमोर जाऊन बसला आणि हळू आवाजात विचारलं, आबा, आता तुम्हाला या कुशीवर घेतो, चालेल का? म्हातारा काही बोलला नाही. भूषण थांबला. आम्ही सगळे थांबलो. मग म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि उघडले.

भूषणने खालची चादर सारखी केली आणि म्हणाला, दुसऱ्या बाजूने एक माणूस पाहिजे. चादरीचा वास दारापर्यंत येत होता. दारातल्या गड्यांनी एकमेकांकडे बघितलं. सरपंचांनी आपल्या सदऱ्याकडे बघितलं. मी पुढे होणार तेवढ्यात माझ्या खांद्याला धरून कोणीतरी मला बाजूला केलं. नाना होते. टोपी काढून त्यांनी खिशात घातली, बाह्या वर केल्या आणि खाटेच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. भाषणानंतर बापलेकाची नजर पहिल्यांदा भेटली.

“सांग,” नाना म्हणाले, “कोठे धरू?”

भूषणने खाटेवरून वाकून बापाचे दोन्ही हात धरले आणि चादरीवर जिथे ठेवायचे तिथे नेऊन ठेवले.